आपला गडी राखावा कीं जाऊं द्यावा?



फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांत संपतो. परंतु प्रत्येक मोठ्या संघाचा आणखी एक सामना वर्षभर चालूच असतो, आणि तो मैदानावर नव्हे, तर चिटणिसांच्या मेजावर होत असतो. खेळाडूचा करार संपत आलेला असतो. त्याला नव्या करारानें बांधून घ्यावयाचें, कीं खुशाल जाऊं द्यावयाचें? प्रेक्षकांचें उत्तर ठरलेलें असतें : आपला गडी आपल्याकडेच राहिला पाहिजे. खजिनदार मात्र हातांत पेन्सिल घेऊन बसलेले असतात. या दोघांपैकीं कोणाचें ऐकावें, याचा थोडा विचार आज करूं या.

प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे, कीं हा प्रश्न फार जुना नाहीं. इंग्लंडमध्यें कित्येक वर्षें तो उद्भवतच नसे. तेथें खेळाडूचा करार संपला तरी त्याचें नांव आपल्या दप्तरीं अडकवून ठेवण्याची संघास मुभा होती. जुना संघ सोडीना आणि दुसरीकडे खेळतां येईना, अशी त्या बिचाऱ्याची अवस्था होई. त्यांतून आठवड्याच्या वेतनालाहि कमाल मर्यादा असे. १९६१ च्या जानेवारींत ती उठली, तेव्हां ती अवघी वीस पौंड होती. जॉर्ज ईस्टहॅम नांवाच्या खेळाडूस न्यूकॅसलचा संघ सोडावयाचा होता. संघानें नकार दिला, तेव्हां त्यानें खेळणेंच थांबविलें, आणि पुढें प्रकरण न्यायालयांत नेलें. ही अडकवून ठेवण्याची रीत म्हणजे मनुष्याच्या धंद्यावर गैरवाजवी बंधन आहे, असा निर्णय १९६३ सालीं न्यायमूर्ति विल्बरफोर्स यांनीं दिला. त्यानंतर बेल्जममधील लिएज येथील संघाचा जाँ-मार्क बोस्मन हा खेळाडू करार संपल्यावर फ्रान्समधील डंकर्कच्या संघाकडे जाऊं इच्छीत होता. पण दोन संघांतील पैशाचा घोळ मिटेना, आणि तो मध्येंच लोंबकळत राहिला. त्याच्या दाव्याचा निकाल युरोपीय न्यायालयानें १५ डिसेंबर १९९५ रोजीं दिला. करार संपलेला युरोपीय महासंघांतील खेळाडू तेथीलच दुसऱ्या देशांतील संघाकडे जाऊं लागला, तर जुन्या संघास त्याबद्दल एक पैहि मागतां येणार नाहीं, असा त्या निकालाचा आशय.

यामुळें खेळांत पैसा शिरला आणि निष्ठा आटली, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. मला त्यांचें म्हणणें पटत नाहीं. खेळाडूचे पाय हेंच त्याचें भांडवल, आणि तें बारा-पंधरा वर्षांत खर्चीं पडतें. आम्हां शिक्षकांचा आवाज साठीपर्यंत टिकतो. या मंडळींचे गुडघे पस्तिशींतच बोलूं लागतात. आणि गुडघा गेला कीं संघ त्याच्याशीं कसा वागतो, हें पाहिलें, म्हणजे ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण फुटबॉलवरूनच निघाली असावी, असें वाटूं लागतें. तेव्हां चार पैसे अधिक देणाऱ्या संघाकडे तो गेला, तर त्याला कृतघ्न म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं. संघाची अडचण मात्र खरीच आहे. करार आतां उन्हांत ठेवलेल्या बर्फासारखा झाला आहे. चार वर्षें उरलेलीं असतां ज्या गड्याचे चार कोटी येतील, त्याचे एक वर्ष उरल्यावर निम्मेहि येत नाहींत, आणि शेवटच्या दिवशीं तो टोपी उचलून चालता होतो.

हें सर्व एकाच गांवच्या उदाहरणावरून स्पष्ट होण्याजोगें आहे. तें गांव म्हणजे इंग्लंडच्या मध्यभागीं असलेलें लेस्टर. तेथील संघानें २०१६ सालीं प्रीमियर लीगचें विजेतेपद मिळविलें. हंगामाच्या आरंभीं पैजेवाल्यांनीं त्याला एकास पांच हजार असा भाव दिला होता. जेमी व्हार्डी हा आघाडीचा गडी एकेकाळीं कारखान्यांत काम करीत असे; त्याला २०१२ सालीं खालच्या एका संघाकडून दहा लाख पौंडांस आणलें होतें. रियाद माहरेझ यास फ्रान्समधून २०१४ सालीं सुमारें साडेचार लाखांस, आणि मधल्या फळींतील एन्गोलो कांटे यास २०१५ सालीं सुमारें छप्पन्न लाखांस. असे हे पारखून घेतलेले मोहरे. विजेतेपदाबरोबर ते साऱ्या युरोपच्या डोळ्यांत भरले.

मग संघानें काय केलें? जवळजवळ सर्वांना नवे करार दिले. व्हार्डीस आर्सेनलचें बोलावणें आलें होतें. तें नाकारून तो राहिला. माहरेझ, ड्रिंकवॉटर, गोलरक्षक श्मायकेल, बत्तिशींतला कर्णधार मॉर्गन या सर्वांनीं त्या उन्हाळ्यांत पुन्हा सह्या केल्या. पहिल्या रांगेंतील एकटा कांटे तेवढा सुमारें तीन कोटी वीस लाखांस चेल्सीकडे गेला. पुढील वर्षीं चेल्सी विजेता ठरला, आणि ८१ गुण मिळविणारें लेस्टर ४४ गुणांवर, बाराव्या क्रमांकास उतरलें. ज्यांनीं विजेतेपद मिळवून दिलें ते रानिएरी हे शिक्षक फेब्रुवारी २०१७ मध्येंच घरीं गेले.

यावरून कोणी म्हणेल, कीं पहा, एक गडी सोडला आणि संघ बुडाला. पण दहा गडी राखूनहि तो बुडालाच, हेंहि तितकेंच खरें आहे. माझ्या मतें त्यांतील कांहीं करार हे पुढच्या कामाचे नसून मागच्या उपकारांचे होते. उपकाराची फेड सत्कारानें करावी, शाल द्यावी, श्रीफळ द्यावें. तीन वर्षांचा करार ही त्याची जागा नव्हे. आणि कांटे याच्या जागेसाठीं त्याच उन्हाळ्यांत आणलेला गडी आरंभींच दुखापतीनें बसला. त्या जागेला शोभणारा एनडिडी जानेवारींत आला, तोंवर अर्धें वर्ष निघून गेलें होतें. जाणाऱ्याला जाऊं द्यावें कीं न द्यावें, यापेक्षां त्याच्या मागें कोण उभा आहे, हा प्रश्न अधिक निकडीचा असतो.

लेस्टरच्या चालकांनीं हा धडा गिरविला असें पुढील कांहीं वर्षांवरून दिसतें. माहरेझचें मन २०१७ पासूनच उडालें होतें. २०१८ च्या जानेवारींत मँचेस्टर सिटीशीं बोलणें फिसकटलें, तेव्हां तो कांहीं दिवस सरावालाहि आला नाहीं. परंतु करार हातीं होता, म्हणून संघ घाबरला नाहीं. त्याच वर्षीं जुलैमध्यें सहा कोटी पौंड मोजूनच सिटीला तो मिळाला. हॅरी मॅग्वायर याची गोष्ट तर याहून बोधप्रद. २०१८ च्या विश्वचषकांत तो चमकला. संघानें लगेच सप्टेंबरांत त्याच्याशीं २०२३ पर्यंतचा नवा करार केला, आणि अकरा महिन्यांनीं त्याला आठ कोटी पौंडांस विकला. बचावाच्या गड्यासाठीं एवढी किंमत तोंवर जगांत कोणीं दिली नव्हती. म्हणजे आपल्या प्रश्नांतील ‘राखणें’ आणि ‘जाऊं देणें’ हीं दिसतात तितकीं परस्परविरुद्ध नाहींत. कधीं कधीं नीट जाऊं देतां यावें म्हणूनच आधीं राखावें लागतें. दर वर्षीं एखादा मोठा मोहरा विकावा आणि त्या पैशांतून तीन होतकरू आणावे, या धोरणावर लेस्टर लागोपाठ दोन वर्षें पांचव्या क्रमांकावर आलें, आणि १५ मे २०२१ रोजीं चेल्सीस एका गोलानें हरवून त्यानें आपला पहिलावहिला एफ्. ए. कप जिंकला. तो गोल मारणारा यूरी टीलेमान्स.

आणि येथेंच चाक अडखळलें. टीलेमान्सचा करार २०२३ च्या जूनमध्यें संपावयाचा होता. नव्या करारावर तो सही करीना. विकावा, तर वेळेवर विकलाहि नाहीं. बचावांतील सोयुन्जूचें तेंच. संघाचे थायी मालक जकातमाफ दुकानांच्या व्यापारांतले. २०२० च्या साथीनें विमानतळ ओस पडले आणि त्यांच्या मिळकतीस धक्का बसला. वेतनाचा खर्च मात्र चढतच होता. २०२२ च्या उन्हाळ्यांत अकरा वर्षें गोल राखणारा श्मायकेल फ्रान्सला गेला, फोफाना विकला गेला, आणि नवे गडी आणण्यास पैसा उरला नाहीं. त्या हंगामांत वेतनाचा आंकडा संघाच्या सबंध उत्पन्नाच्याहि वर गेला. ज्या गड्यांचे करार संपत आले होते त्यांनीं मुद्दाम कुचराई केली, असें मी म्हणणार नाहीं. पण ज्याचें सामान बांधून तयार आहे, त्या पाहुण्याला घराचें गळकें छप्पर फारसें दिसत नाहीं, हा आपला नेहमींचा अनुभव आहे. २८ मे २०२३ रोजीं शेवटचा सामना जिंकूनहि लेस्टर अठरावें आलें आणि खालच्या श्रेणींत गेलें. त्यानंतर थोड्याच दिवसांत सात गडी करार संपल्यामुळें निघून गेले. पैसे मोजून घेतलेला टीलेमान्स अ‍ॅस्टन व्हिलास फुकट मिळाला. तेल गेलें, तूप गेलें, हातीं धुपाटणें आलें, याहून दुसरें काय म्हणावें?

तेव्हां माझें मत असें आहे, कीं करारांत दोन वर्षें उरलीं असतां निर्णय झालाच पाहिजे. त्या घटकेस गडी सही करील तर ठीक. न करील तर, मग तो कितीहि लाडका असो, त्याच उन्हाळ्यांत त्याला सन्मानानें निरोप द्यावा. ‘आणखी एक वर्ष पाहूं’ हें वाक्य संघाच्या कचेरींतून हद्दपार केलें पाहिजे. प्रेक्षक ओरडतील, ओरडूं द्यावे. ते वर्षाअखेर तक्ता पाहतात, आणि तक्त्यावर नांव वर असलें कीं सर्व विसरतात.

वेतनाची बाब याहून नाजूक. एकाला राखण्यासाठीं त्याचें वेतन दुप्पट केलें, कीं उरलेले चोवीस जण आपआपला हिशेब मांडूं लागतात. शाळेंत एका शिक्षकाला अकालीं बढती मिळाली, तर शिक्षकांच्या खोलींतला चहा महिनाभर कडू लागतो, हें मीं पस्तीस वर्षें पाहिलें आहे. आमच्या शाळेच्या संघाला अर्थात् गडी राखण्याचा प्रश्नच नसे. दर वर्षीं अकरांतले सहा-सात जण परीक्षा उतरून निघून जात. एखादा केवळ खेळासाठीं त्याच वर्गांत मुक्काम करी, त्याची गोष्ट वेगळी! त्यामुळें नववींतला पोरगा आज राखीव म्हणून बसला असला, तरी उद्यां तोच उभा राहावयाचा आहे, या हिशेबानें त्याला रोज मैदानावर आणावा लागे. मोठ्या संघांना हें करावें लागत नाहीं, कारण त्यांना बाजार उपलब्ध असतो. आणि बाजार असला, कीं माणूस परसांत भाजी लावीत नाहीं.

परसांतील भाजीवरच जगणारा एक मोठा संघ मात्र आहे. स्पेनच्या उत्तरेस बिल्बाओ येथील अ‍ॅथलेटिक क्लब. बास्क प्रांतांत जन्मलेले किंवा तेथें तयार झालेले गडीच घ्यावयाचे, हा त्याचा शंभराहून अधिक वर्षांचा शिरस्ता, आणि आजवर तो संघ कधींहि खालच्या श्रेणींत गेलेला नाहीं. त्यांना बदली गडी बाजारांत मिळणार नाहीं, म्हणून असलेल्यांना ते जिवापाड जपतात. करारांतच मुक्ततेची जबर रक्कम लिहिलेली असते. ती पुरी मोजल्यावांचून सोडावयाचें नाहीं. केपा नांवाचा गोलरक्षक २०१८ सालीं गेला तो आठ कोटी युरो ठेवून गेला. उलट योरेंते हा सही न करतां २०१३ सालीं फुकट गेला. चटका त्यांनाहि बसलेला आहे. जुलै २०२५ मध्यें निको विल्यम्स यास बार्सिलोना नेणार अशी सर्वत्र बोलवा असतां त्यानें २०३५ पर्यंतचा करार केला. त्याचा वडील भाऊ इन्याकी त्याच संघांत आहे. दोघांनीं मिळून २०२४ सालीं राजाचा चषक आणला, आणि तो संघाला चाळीस वर्षांनीं मिळाला. पैशानें अडवितां आलें नसतें अशा माणसाला घर अडवितें, एवढें यावरून दिसतें. पण प्रत्येक संघाजवळ असें घर नसतें, आणि बिल्बाओचा कित्ता लेस्टरनें गिरवावा हें म्हणणें व्यर्थ आहे.

लेस्टरजवळ त्या जातीचा एक गडी होता, तो व्हार्डी. आर्सेनलला नकार दिल्यावर चार वर्षांनीं, वयाच्या ३३ व्या वर्षीं, २३ गोल करून तो प्रीमियर लीगमध्यें अव्वल ठरला. संघ खालीं गेला तेव्हां तोहि खालीं गेला, आणि २०२४ सालीं संघाबरोबर वर आला. २०२५ सालीं लेस्टर पुन्हा घसरलें. त्या वेळीं त्याचा करार वाढविला गेला नाहीं, आणि मला वाटतें तेंहि बरोबरच झालें. नव्यानें उभ्या करावयाच्या संघाला अडतीस वर्षांच्या खांद्यावर टेकतां येत नाहीं. १८ मे २०२५ रोजीं इप्सविचविरुद्ध तो संघासाठीं पांचशेवा सामना खेळला आणि त्यांत त्यानें दोनशेवा गोल केला. मग त्यानें इटलींतील क्रेमोना येथील संघाशीं करार केला.