धूर कोणाचा, जमीन कोणाची?

धुरातील कार्बन यंत्राने पकडावा की झाडे लावून, हा वाद केवळ तंत्रज्ञांवर सोपवून भागणार नाही. अमेरिकेतील टेक्सासमध्ये २०१७ साली कोळशावरील एका वीजकेंद्राला ‘पेट्रा नोव्हा’ हे संयंत्र जोडण्यात आले. पकडलेला वायू नळाने नेऊन जुन्या तेलक्षेत्रात दाबला जाई. कशासाठी, तर उरलेसुरले तेल वर यावे म्हणून! २०२० मध्ये तेलाचे भाव कोसळताच संयंत्र थांबले. कोळसा मात्र जळतच राहिला. ते पुन्हा सुरू झाले २०२३ मध्ये. नॉर्वे १९९६ पासून स्लाइपनर येथे वायू समुद्रतळाखाली साठवीत आला आहे, हे खरे. पण तेथे १९९१ पासून कार्बनवर कर आहे.

मग झाडेच बरी? झाड उभे असेतोवरच कार्बन धरून ठेवते. शिवाय ते लावायचे कोणाच्या जमिनीवर? खाणीसाठी तोडलेल्या जंगलाच्या भरपाईसाठी आपल्याकडे २०१६ चा वनीकरण निधी कायदा झाला, परंतु ग्रामसभेच्या संमतीची अट त्यात घातली गेली नाही. सागाच्या सरळ रांगांत मोह नसतो, तेंदू नसतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील सामूहिक दावे जेथे प्रलंबित आहेत, तेथे खड्डे खणले जाण्यापूर्वी ग्रामसभेचा ठराव झाला पाहिजे.