गोधडीवरची नक्षी: नमुने शोधायचे कुठे?

कॉलेजात मराठी शिकविणाऱ्या माणसाने गोधडीवर बोलावे, हे ऐकून काही भगिनींना हसू येईल. ते येणे रास्तच आहे. सुईत दोरा ओवायचा म्हटले की मला अजून दोनदा चष्मा पुसावा लागतो. पण गेल्या वर्षी आमच्या घरी एक असा प्रसंग आला, की दोन-तीन महिने मला या विषयाखेरीज दुसरे काही सुचेना. त्यात जे शिकलो, चुकलो, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

माझी आई गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत पाच लुगडी निघाली. दोन इरकली, बाकीची साधी, नेसून नेसून मऊ झालेली. आम्ही तीन भावंडे. थोरल्या बहिणीचे म्हणणे, लुगडी वाटून घ्यावीत. धाकटी म्हणाली, वाटून काय करायचे? ट्रंकेतून ट्रंकेतच जायची. शेवटी असे ठरले, की आमच्या सौभाग्यवतींनी पायमशीनवर तीन गोधड्या शिवाव्यात, तिघांना एकेक. आणि नुसत्या थरावर थर घालून टिपा मारायच्या नाहीत, तर वर कापडाचे आकार कापून, ते बसवून नक्षी करायची. याला शिंपी लोक पॅचवर्क म्हणतात, कोणी अ‍ॅप्लिक म्हणतात. बैलाच्या झुलीवर आपण जे पाहतो तेच ते काम.

प्रश्न आला नमुन्यांचा. माझ्या मुलीने मोबाइलवर बोट फिरवून क्षणात शेकड्यांनी नमुने काढून दाखविले. त्यांतले धुराड्याचे एक टुमदार घर आणि पुढे गुलाबांचा ताटवा मला फार आवडला. 'हाच घ्या,' असा मी आग्रह धरला. एका इरकली लुगड्याचा पदर कापून गुलाबाच्या नाजूक पाकळ्या केल्या. पण जुने कापड विरलेले, पाकळी बोटभर रुंद; कडा दुमडायला गेले की सुताचे धागे निघून येत. मशीनखाली घालताच भोवती चुण्या पडल्या. तीन संध्याकाळी खर्ची पडल्या आणि हाती उरल्या त्या चिंध्या. दुसरे कापड बाजारातून आणता आले असते. आईच्या लुगड्याचा तो पदर मात्र परत येणार नव्हता. थोरल्या बहिणीला हे कसे सांगावे, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई आल्या. ऐंशीच्या पुढचे वय. त्यांनी ते धुराड्याचे घर निरखून पाहिले आणि म्हणाल्या, "अरे, हे घर कुणाचं? वहिनी कधी राहिली होती असल्या घरात? तिनं जन्मभर दारात काय काढलं, ते आठव की जरा!"

आणि मला आठवले. चैत्रात आई अंगणात चैत्रांगण काढी. मध्ये मखरातली गौर, आणि भोवती चंद्र, सूर्य, शंख, चक्र, कमळ, कासव, तुळशीवृंदावन, हत्ती, फणी, आरसा, करंडा. चाळीस वर्षे मी त्या रांगोळीला वळसा घालून शाळा-कॉलेजात गेलो, आणि नमुना शोधायला मात्र परमुलखात हिंडत होतो! आत्याबाईंनी लगेच निवडही करून दिली. "शंख-चक्र, स्वस्तिक, लक्ष्मीची पावलं नकोत. ते देवाचं, अंथरूण-पांघरुणावर बरं दिसत नाही. कासव घे, कमळ घे, फणी-आरसा घे." शब्दांचा अभ्यास मी करतो खरा, पण कोणती खूण कुठे शोभते याचा विवेक त्यांच्यापाशी अधिक होता.

तेव्हा, श्रोतेहो, माझे सांगणे एवढेच आहे: नमुना आधी घरात शोधावा, मग गावात, आणि मग बाहेर. हा निव्वळ अभिमानाचा प्रश्न नव्हे. त्यात व्यवहारही आहे. आपल्याकडचे बरेच आकार ठिपक्यांवर, विणीवर किंवा पोळपाटावर घडलेले आहेत. त्यामुळे ते ठसठशीत, सरळ कडांचे, मोजून काढता येण्याजोगे असतात. आणि मशीनला नेमके तेच हवे असते.

घरातला पहिला खजिना म्हणजे हातातले कापडच. इरकली लुगड्याचे काठ पाहा. कुठे रुईफूल, कुठे गोम. पदरावरचे पांढरे दाते पाहा. आपल्या शेवगावाहून गोदावरी ओलांडली की पैठण. तिथल्या पैठणीवरचा नारळी काठ म्हणजे ओळीने उभे केलेले त्रिकोण. असा त्रिकोणांचा काठ कापडात कापून बसविणे नवशिक्या मुलीलाही जमेल. आसावलीची वेल आणि कोयरी थोड्या सरावानंतर घ्यावी. दुसरा खजिना स्वयंपाकघरात. शंकरपाळे, करंजी, चिरोटा हे सारे आकारच नव्हेत का? पोळीची लाटी वाटीने कापून पुऱ्या करता येतात, तसे कापडाचे गोलही वाटी ठेवूनच आखतात.

गावात आलो की पोळ्याच्या झुली आहेत. जुन्या घरांतून कापडाचा सारीपाट अजून सापडतो. त्याची चार हातांची फुली आणि त्यातली घरे हा तर गोधडीचा तयार आराखडाच. आणि जरा मागे जाल तर आपला अहिल्यानगर जिल्हा याबाबतीत फार श्रीमंत आहे. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे 1950-51 साली उत्खनन झाले. तिथे निघालेल्या तांबड्या भांड्यांवर काळ्या रंगाने काढलेली नक्षी आहे: त्रिकोण, चौकटी, तिरप्या रेघांनी भरलेले शंकरपाळे. ही भांडी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. तशीच भांडी आपल्या शेजारच्या नेवाशालाही 1954 ते 1956 च्या उत्खननात मिळाली. तिथे एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली, आणि मण्यांच्या आत धाग्याचे अवशेष टिकून होते. कापूस आणि नक्षी, दोन्ही गोष्टी या मातीत किती जुन्या आहेत ते यावरून ध्यानात येईल.

बाहेरचे पाहूच नये, असे मात्र मी म्हणत नाही. पाहावे, पण ते लोक नमुना कुठून घेतात हे पाहावे. ओडिशात पुरीजवळ पिपली गाव आहे. जगन्नाथाच्या रथयात्रेसाठी तिथले कारागीर कापडावर कापड बसवून छत्र-चांदवे करतात. त्यांची कमळे, हत्ती, राघू हे सारे त्यांच्या देवळाभोवतीचे. सौराष्ट्रात याच कामाला कटाब म्हणतात. बिहारात खत्वा म्हणतात. आपल्या सीमेपलीकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी समाजाच्या बायका जुन्या कपड्यांचे रंगीबेरंगी तुकडे लावून गोधड्या शिवतात. चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाचे फूल लावल्याखेरीज त्या गोधडी पुरी झाली असे मानीत नाहीत. त्यांना तेवढ्या फुलावाचून गोधडी उघडी वाटते.

सर्वांत मौज वाटली ती हवाई बेटांची. 1820 साली अमेरिकेतून मिशनरी मंडळी तिथे गेली. त्यांच्या बायकांनी तिथल्या स्त्रियांना तुकडे जोडण्याचे शिवण शिकविले. पण पुढे त्या बेटांवरच्या बायकांनी स्वतःची रीत काढली. अखंड कापडाची आठपदरी घडी घालायची, एकदाच कात्री चालवायची आणि उलगडून पांढऱ्या कापडावर बसवायचे. नक्षी कशाची? तर त्यांच्या दारातल्या निरफणसाच्या पानाफळांची! शिवण बाहेरून आले, नक्षी घरची राहिली. कागदाची घडी घालून कातरलेली फुले आपण लहानपणी केलेली असतीलच. तीच ही युक्ती.

आता नमुना मिळाल्यावर तो कापडावर कसा आणावा, ते थोडक्यात सांगतो. हे सारे आमच्या घरी करून पाहिलेले आहे. वहीत उतरवलेल्या छोट्या चित्रावर अर्ध्या इंचाच्या चौकटी आखाव्यात. वर्तमानपत्राच्या कागदावर तेवढ्याच चौकटी दोन-दोन इंचांच्या आखाव्यात, आणि एकेका चौकटीतली रेघ पाहून मोठ्या चौकटीत उतरवावी. चित्र चौपट लांबरुंद होते आणि बेडौल होत नाही. मग त्यावरून पुठ्ठ्याचा साचा कापावा.

कापड कापताना साच्याभोवती पाव इंच जास्त ठेवावे. साध्या पायमशीनला सरळ टीपच येते, म्हणून कडा आत दुमडणे भाग आहे. झिगझॅग मशीन असेल तर उघड्या कडेवर दाट टीप घालून भागते. जुने कापड विरलेले असले तर त्याला मागून पातळ मलमल लावावी, खळ द्यावी, इस्त्री फिरवावी, आणि मगच कात्री लावावी. आम्ही हे केले नाही म्हणून तो पदर गेला. तळाला मांजरपाट घेणार असाल तर तो आधी धुवून आटवून घ्यावा. लाल आणि गर्द निळ्या कापडावर ओला पांढरा फडका चोळून पाहावा. रंग जात असेल तर ते कापड दूर ठेवावे.

नमुना निवडताना मशीनचाही स्वभाव ओळखावा. हातशिलाईची सुई कुठेही वळते. मशीनला लांब रेघ आणि सावकाश वळण आवडते. टोक आले की सुई कापडातच रुतवून ठेवावी, मशीनचा पाय वर उचलावा, कापड फिरवावे आणि पुढे जावे. बारीक टोके फार असतील तर आकार सोपा करावा. एक इंचाहून लहान तुकडा घेऊच नये. बारकावा टिपेने दाखवावा. उदाहरणार्थ फणी. तिचे दात कापडाचे कापू नयेत. फणीचा एक अखंड आयत बसवावा आणि दात दोऱ्याच्या उभ्या टिपांनी काढावेत. कासवाच्या पाठीवरची घरेही तशीच.

हातशिलाईची गोधडी कडेपासून आत आत चौकोनी फेऱ्यांनी शिवीत नेतात. मशीनवर ते जमत नाही, कारण एवढा बोजा मशीनच्या हाताखाली फिरवणार कसा? म्हणून पंधरा-पंधरा इंचांचे चौकोन वेगवेगळे करावेत, प्रत्येकात एकेक आकार बसवावा, आणि मग ते जोडावेत. तीन ओळी आणि चार रांगा मिळून बारा चौकोन झाले. भोवतीने लुगड्याचाच काठ लावला, की एका माणसापुरती गोधडी तयार. कडेला उरेब कापलेल्या पट्टीचा गोट द्यावा.

अलीकडे टेम्पोत यंत्र बसवून गोधड्या शिवून देणारे लोक गावोगाव येतात. लुगडी घेऊन जावे, पाहता पाहता गोधडी हातात. आपल्या शेवगाव-पाथर्डीकडून दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या बिऱ्हाडात ऊब देणारी गोधडी लागतेच. तिथे नक्षीला वेळ कुणाला आहे? त्या झटपट शिलाईला मी नावे ठेवणार नाही. पण जिच्या घरी मशीन आहे आणि चार पैसे मिळवायचे आहेत, तिने हे ध्यानात घ्यावे, की सरळ टिपांत यंत्राशी तिचा टिकाव लागणार नाही. तिच्या आजीच्या रांगोळीतले कासव मात्र त्या टेम्पोत मिळत नाही.

आमच्या तिन्ही गोधड्या संक्रांतीपर्यंत पुऱ्या झाल्या. त्या फसलेल्या पदराचे जे चार धड तुकडे उरले, त्यांचे त्रिकोण दुमडून आम्ही थोरल्या बहिणीच्या गोधडीच्या कोपऱ्यांना लावले, आणि झालेली हकीकत तिला सांगून टाकली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्याच गोधडीला लावलेस ना? मग झालं." धाकटीचा आठ दिवसांनी फोन आला. म्हणाली, "दादा, रात्री दिवे गेले होते. अंधारात हात फिरवला तर फणीचे दात बोटाला लागले. आई पाठीमागे बसून वेणी घालायची, ते आठवलं."

श्रोतेहो, चैत्रांगण काढणाऱ्या बायका आता घरोघर राहिल्या नाहीत. जिथे आहेत तिथे ते त्यांच्या बोटांत आहे, वहीत नाही. म्हणून विनंती एवढीच, की नमुन्यांचे पुस्तक विकत घेण्यापूर्वी या आठवड्यात एक वही आणि पेन्सिल घ्या, घरातल्या किंवा आळीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईंजवळ जाऊन बसा, आणि त्यांना म्हणा, "तुम्ही दारात काय काढत होता, ते मला एकदा काढून दाखवा." गोधडी पुढे सवडीने शिवता येईल.