जुन्या घराचं किचन नवं करताना: ट्रॉली सगळ्यात शेवटी

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातलं थोडं मागंपुढं केलंय, बाकी जसंच्या तसं.)

हेडफोन लावून बसमध्ये असाल किंवा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल, तर हा भाग निवांत ऐका. आज विषय घरातला आहे. अगदी आतल्या खोलीतला.

नोकरी लागते, पहिली दोन-तीन वर्षं जातात, बोनस येतो, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात एक गोष्ट येते: आईला किचन करून द्यायचं. छान मॉड्युलर. सॉफ्ट क्लोज ट्रॉल्या, चिमणी, चकाचक टाइल्स. विचार चांगलाच आहे. पण घर जुनं असेल, तर तीच भेट आईच्या गळ्यात पडू शकते. ती का पडते आणि कशी टाळायची, तेवढंच आज बोलू.

मी ताथवड्याचा. बाहेरच्या माणसाला ताथवडे म्हटलं की हायवे, भूमकर चौकातली गर्दी, इंजिनिअरिंग कॉलेजं आणि उंच टॉवर आठवतात. पण २००९ पर्यंत इथं ग्रामपंचायत होती, तालुका मुळशी. त्या वर्षी आपण पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलो. टॉवरच्या मागं गावठाण अजून आहे, आणि तिथली घरं एका दमात बांधलेली नाहीत. तळमजला आजोबांनी बांधला, मागची खोली वडिलांनी काढली, मग वर भाड्याच्या खोल्या चढल्या. कॉलेजची पोरं आली, आयटीवाले आले, घर वर वाढत गेलं. स्वयंपाकघर मात्र होतं तिथंच राहिलं. मागच्या बाजूला, मोरीला लागून, कडप्प्याचा ओटा, एक खिडकी. आणि शेजाऱ्यानं भिंत चढवल्यामुळं ती खिडकीही आता अर्धीच.

अशा घरात शोरूममधलं किचन उचलून आणलं की गंमत होते.

आधी एक रविवार त्या किचनमध्ये काढा

डिझायनरला फोन करण्याआधी एक काम करा. एक पूर्ण रविवार तुम्ही स्वतः स्वयंपाक करा. सकाळच्या चहापासून रात्रीची भांडी घासून होईपर्यंत. आईला खुर्चीवर बसवा आणि फक्त सूचना देऊ द्या. पीठ कुठून काढलं, पाणी किती वेळा भरलं, किती वेळा वाकलात, कुठं अंधार होता, फोडणी दिल्यावर ठसका कुठं लागला, सगळं फोनमध्ये टिपून ठेवा. ही यादी म्हणजे तुमचं खरं डिझाइन.

हे सांगतोय कारण आजच्या मॉड्युलर किचनची आई मानली जाते ती खोली १९२६ सालची आहे. जर्मनीत फ्रँकफर्ट शहरात कामगारांसाठी घरं बांधत होते. त्या घरांचं किचन मार्गारेट श्युट्टे-लिहोत्स्की नावाच्या वास्तुविशारद बाईनं आखलं. साधारण सव्वासहा फूट बाय अकरा फूट. रेल्वेच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर तिच्या डोळ्यांसमोर होतं. बाईची पावलं किती वाचतील याचा हिशेब केला आणि अशी जवळजवळ दहा हजार किचनं बसवली गेली. आणि पुढं तिनंच सांगितलं की ते किचन आखेपर्यंत तिनं स्वतः कधी स्वयंपाक केलेला नव्हता!

तरी तिच्या किचनमध्ये एक गोष्ट होती जी आपल्याकडं पोचलीच नाही. बसून काम करायला एक फिरतं स्टूल. आपण कपाटं घेतली, स्टूल विसरलो. आणि आपल्याकडं तर बसून काम करायची सवय शतकांची. विळीवर भाजी चिरणं, लसूण सोलणं, तांदूळ निवडणं, सगळं बसून.

दुसरी गोष्ट, फ्रँकफर्टच्या त्या खोलीत एकच बाई मावायची. आपल्याकडं गौरी-गणपतीला एका स्वयंपाकघरात चार जणी असतात. तेव्हा मापं घेताना नेहमीचा मंगळवार धरा आणि गौरीजेवणाचा दिवसही धरा.

ओट्याची उंची ही आईची उंची

मिस्त्री विचारतो, "ओटा किती घ्यायचा?" आणि स्वतःच सांगतो, "चौतीस इंच, सगळीकडं तेच." थांबा. आईला सरळ उभं करा, हात कोपरात वाकवायला सांगा, आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावा. त्यातून चार ते सहा इंच वजा करा. ती तिची ओट्याची उंची. पाच फूट उंचीच्या बाईसाठी हे बत्तीस-चौतीसच्या आसपास येतं. साडेपाच फुटी बाईसाठी छत्तीसच्या पुढं जातं. दोन-चार इंचांनी काय होतंय, असं वाटेल. पण तिथं ती रोज तीन-चार तास उभी असते. सगळा फरक कमरेला कळतो.

आता भाकरी. आपल्या मुळशी-मावळच्या घरांत भाकरी रोजची. भाकरी थापताना वरून जोर द्यावा लागतो, त्याला ओटा थोडा खाली लागतो. गॅसची शेगडी ओट्यावर ठेवलेली असेल तर तिची उंची वेगळी वाढते. त्यामुळं शक्य असेल तर ओट्याचा एक दोन-अडीच फुटांचा तुकडा खाली घ्या, तीस इंचांच्या आसपास. भाकरी, कणीक, मिक्सर सगळं तिथं. खाली पाय घालायला जागा मोकळी सोडली तर स्टूल ठेवून बसताही येतं. आजी असेल तर ती जागा आजीची. नाहीतर नवीन किचनमध्ये आजीला कामच उरत नाही, आणि काम नाही उरलं की ती दुपारची हॉलमध्ये टीव्हीसमोर एकटी बसते. हे मी दोन घरांत पाहिलंय.

भिंतीच्या आतलं आधी

जुन्या घरात खरा खर्च दिसत नाही तिथं असतो.

पाणी घ्या. आपल्या शहरात नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी येतंय. जुन्या स्वयंपाकघरात त्यासाठी जागा असायची: पिंप, हंडा-कळशी, माठ. नवीन चित्रात हे काहीच नसतं. फक्त फिल्टर असतो आणि तो बंद पडला की सगळे एकमेकांकडं बघतात. पिण्याच्या पाण्याची साठवण कुठं, माठ कुठं, त्याखाली ओल जाऊ नये म्हणून काय, हे आधी ठरवा. जुन्या लोखंडी जीआय पाइपला आतून गंज चढलेला असतो. ओटा फोडताय, तर पाइपही बदला. आणि भिंत बुजवायच्या आधी पाइप पाण्यानं भरून एक दिवस दाबाखाली ठेवायला सांगा. टाइल्स लागल्यावर गळती सापडली, तर टाइल्सच फुटतात.

मोरी काढून टाकायची घाई करू नका. मोठी पातेली, परात, पाण्याचा पिंप सिंकमध्ये घासून होत नाहीत. मोरी काढलीच, तर सिंक मोठं आणि खोल घ्या, आणि जमिनीत नहाणी ट्रॅप ठेवा. फरशीला उतार आहे का, हे एक बादली पाणी ओतून स्वतः बघा.

वायरिंग. जुन्या घरात एका बोर्डावर मिक्सर, फ्रिज आणि वर एक्स्टेंशन. आता त्यात ओव्हन, इंडक्शन आणि गीझर येणार. जड उपकरणाला सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट, थेट डीबीपासून वेगळी लाइन. वायर कमीत कमी अडीच स्क्वेअर एमएम, जास्त लोडला चार. अर्थिंग खरंच आहे का, ते वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्या. आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. ओले हात आणि वीज एकाच खोलीत असतात, तिथं ही वस्तू जीव वाचवते.

भिंत बुजवण्याआधी टेप धरून प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. पाच वर्षांनी कपाटासाठी ड्रिल मारताना तो फोटो लाखाचा ठरेल.

आणि भिंत पाडण्याबद्दल. "ओपन किचन करू, ही मधली भिंत उडवू." मंडळी, जुन्या घरात कॉलम-बीम नसतात. वरचा स्लॅब आणि वरच्या खोल्या भिंतींवरच उभ्या असतात. साडेचार इंची भिंतसुद्धा कधी कधी भार घेत असते. स्ट्रक्चरल इंजिनिअर येऊन बघेपर्यंत हातोडा लावायचा नाही, आणि असा बदल असेल तर महापालिकेची परवानगी लागते. वर सहा भाडेकरू झोपतात, हे विसरू नका.

वारा आणि गॅस

ताथवड्यात गॅस म्हटलं की ८ ऑक्टोबर २०२३ ची रात्र आठवते. रविवार होता. टँकरमधून सिलिंडरमध्ये बेकायदा गॅस भरताना स्फोट झाले, शेजारच्या स्कूल बस जळाल्या. तो चोरीचा प्रकार होता, कुणाच्या किचनचा नव्हता. पण गॅस काय करू शकतो हे आपण घराच्या खिडकीतून ऐकलंय.

साधी गोष्ट लक्षात ठेवा. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर बंद कपाटात ठेवणार असाल, तर दाराला खाली जाळी हवी. सिलिंडर उभाच, आणि शेगडी त्याच्यापेक्षा वर. रबरी नळीवर मुदत छापलेली असते, ती बघून बदला. पाइप गॅस असेल तर तो हवेपेक्षा हलका, वर जातो. तिथं वरच्या बाजूला हवेला वाट हवी. आणि पाइप गॅसची लाइन फर्निचरवाल्यानं हलवायची नसते, गॅस कंपनीच्या माणसानंच.

चिमणी आली म्हणून खिडकी बुजवून तिथं कपाट करणारे लोक आहेत. तसं करू नका. चिमणी हवा बाहेर ओढते, पण आत यायला वाटच नसेल तर ओढणार काय? डक्ट आखूड ठेवा, वळणं कमी ठेवा, आणि ती खरंच घराबाहेर निघते ना, बघा. शेजाऱ्याच्या खिडकीसमोर निघत असेल, तर भांडणही पाइपलाइनमध्येच आहे.

आणि आता ट्रॉली

शेवटी आलो ट्रॉलीकडं. इथंच सगळ्यात जास्त विकलं जातं. जुन्या घरात ओल असते, झुरळं असतात, कधी वाळवी. सिंकखाली साधं प्लाय किंवा एमडीएफ लावलं तर ते फुगतं. प्लाय लावायचंच तर तिथं आयएस ७१० मार्कचं. ते खरं आहे का, ते तपासायला शिक्क्यावरचा लायसन्स नंबर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाका. दोन मिनिटांचं काम, फोन हातात आहेच.

पण माझं म्हणणं वेगळं आहे. कडप्प्याचा ओटा आणि त्याखालचे कडप्प्याचे उभे पार्टिशन शाबूत असतील, तर ते ठेवा. त्याला ना पाणी लागत, ना वाळवी. आत स्टीलच्या ट्रॉल्या बसवा, बाहेर फक्त दारं लावा. वर हवं तर ग्रॅनाइट. खर्च बराच वाचतो. तो वाचलेला पैसा पाइप, वायर आणि खिडकीवर घाला. आणि एकूण बजेटमधला दहा-पंधरा टक्के भाग बाजूला ठेवा, कारण जुनी भिंत फोडली की ती काहीतरी नवीन दाखवतेच.

वरची कपाटं आईचा हात पोचेल तेवढीच. त्याच्या वरचं सगळं म्हणजे माळा. तिथं वर्षातून दोनदा लागणारी भांडी.

दोन छोट्या सूचना. मिस्त्री "गणपतीच्या आधी देतो" म्हणाला की कुठले गणपती ते विचारा, आणि महिनाभर तात्पुरती शेगडी कुठं मांडायची याची सोय आधी करा. आणि निघालेला राडारोडा रात्री ओढ्याकाठी टाकू देऊ नका. महापालिकेचा मोशीला राडारोड्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प आहे, ठेकेदाराशी बोलतानाच ते ठरवून घ्या.

तर मंडळी, क्रम पाठ करा: आधी बाई, मग पाणी, वायर, वारा, मग ओटा, मग टाइल्स, आणि ट्रॉली सगळ्यात शेवटी. किचन कसं झालंय, हे फोटोवरून कळत नाही. सहा महिन्यांनी आईला विचारा, संध्याकाळी पाय दुखतात का? त्या उत्तरावरून कळेल.

या रविवारी तुमची पाळी. स्वयंपाक करा, यादी बनवा, आणि त्यातली तुम्हाला माहीतच नसलेली एक गोष्ट मला कळवा. पुढच्या भागात वाचून दाखवीन. तोपर्यंत काळजी घ्या. भेटू!