यंत्रातले आकडे वाचायला शिका
(मोजणी शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या प्लॉटची मोजणी आता जीपीएसवर, मोबाईलवर होते. बांध आपण राखला, पण दाव्याच्या कागदावर जातात ते आकडे. म्हणून आम्ही म्हणतो, ते आकडे आपल्याला वाचता आले पाहिजेत.

पहिली गोष्ट. प्रत्येक कोपऱ्याला दोन आकडे असतात, अक्षांश आणि रेखांश. महाराष्ट्रात अक्षांश १५ ते २३ च्या मधी, रेखांश ७२ ते ८१ च्या मधी. काही सॉफ्टवेअर रेखांश आधी घेतात. अदलाबदल झाली तर २० आणि ७३ वाला प्लॉट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतो! हसू येतं, पण दावा मात्र अडतो.

दुसरी गोष्ट. अंशात ६० मिनिटं असतात, घड्याळासारखी. २० अंश ३० मिनिटं म्हणजे २०.५०, २०.३० नव्हे. असं चुकीचं लिहिलं तर जमीन सुमारे २२ किलोमीटर सरकते. टिंबानंतरचे आकडेही कापू देऊ नका. चौथा आकडा ११ मीटरचा असतो, पाचवा साधारण १ मीटरचा.

तिसरी गोष्ट. झाडाखाली, दरीत यंत्र ५ मीटर इकडे-तिकडे सहज दाखवतं. १० गुंठ्यांच्या चौरस प्लॉटची बाजू जेमतेम ३२ मीटर. चारी बाजूंनी ५ मीटर आत धरले, तर ५ गुंठेसुद्धा उरत नाहीत! शिवाय यंत्र दोन खुणा सरळ रेषेनं जोडतं. बांध वळतो तिथं खूण घेतली नाही, तर वळणातली जमीन गेली. म्हणून बांधावरूनच चाला, प्रत्येक वळणावर थांबा, आकडा स्थिरावला की मगच खूण करा.

आणि कोणी म्हणालं, "उपग्रहाच्या चित्रात शेती दिसत नाही, दावा नामंजूर," तर घाबरू नका. वनहक्क नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली. तिच्यात स्पष्ट आहे, की उपग्रहाचं चित्र आणि तंत्रज्ञान इतर पुराव्यांना जोड म्हणून वापरता येतं, त्यांच्या जागी नाही. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब, बांध, विहीर, घर, हेही पुरावेच आहेत.

मोजणी झाली की सगळे आकडे वन हक्क समितीच्या वहीत त्याच दिवशी उतरवा. ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. शेजारच्या प्लॉटवाल्याची सही किंवा अंगठा घ्या. यंत्र कोणाच्याही हातात असो, वही आपल्या गावात राहिली पाहिजे.

जिंदाबाद!