मोटारीची झिलई

मोटारीची तकाकी ऊन, धूळ आणि कोरड्या फडक्याचे ओरखडे यांनीं मंदावली, कीं गृहस्थ पॉलिशचा डबा आणतो व चमक वरून चढते अशा समजुतीनें घासूं लागतो. वस्तुस्थिति उलट आहे. पॉलिशमधील अतिसूक्ष्म कठीण कण ओरखड्याभोंवतालचा थर खरवडून पृष्ठभाग सपाट करितात. प्रत्येक पॉलिशबरोबर थोडा थर कायमचा जातो. तो कशाचा, हें आधीं ओळखलें पाहिजे.

१९२३ सालीं अमेरिकेंत ओकलंड मोटारींवर ड्यूको नांवाचें लॅकर चढलें. अशा साध्या रंगाच्या लेपांत वरपासून खालपर्यंत एकच रंगद्रव्य असे. उन्हानें वरचा पापुद्रा खडूसारखा झाला, तरी तो काढतांच खालीं ताजा रंग मिळे. फडकें तेवढें रंगून निघे.

धातुमिश्रित रंगाची गोष्ट निराळी. त्यांत ॲल्युमिनियमचे चपटे, सूक्ष्म कण पसरलेले असतात. ते घासण्यानें उघडे पडले, तर काळवंडतात आणि पृष्ठभागावर ढगाळ डाग दिसूं लागतात. म्हणून त्यांवर पारदर्शक रोगणाचा थर देण्याची पद्धत रूढ झाली. उन्हापासून रंगाचें रक्षण तोच करितो. त्याची जाडी मात्र बहुधा ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसाहूनहि कमी. तो झिजून गेला, तर पुन्हा रंगविण्यावांचून इलाज नाहीं.

आज पुष्कळशा साध्या रंगांवरहि असें रोगण असतें. त्यामुळें रंगांत धातु आहे कीं नाहीं, यापेक्षां वर रोगण आहे कीं नाहीं, हा प्रश्न महत्त्वाचा. त्याची परीक्षा सोपी आहे. गाडी स्वच्छ धुवून, आडबाजूच्या जागीं पांढऱ्या फडक्यानें किंचित् पॉलिश घासावें. फडक्यावर गाडीचा रंग उतरला, तर रोगण नाहीं. न उतरला, तर आहे. रोगण असलेल्या गाडीचा रंग फडक्यावर दिसूं लागला, तर हात तत्काळ थांबवावा.

आरंभ सर्वांत सौम्य पॉलिशनें करावा. कडांवर लेप पातळ असतो, तेथें जोर देऊं नये. नख अडकेल इतका खोल ओरखडा मुळापर्यंत काढण्याचा हट्ट धरूं नये. शेवटीं मेणाचा हात द्यावा. साधें मेण थर खरवडीत नाहीं, त्यावर पांघरूण घालतें. थोडे ओरखडे राहिले, तरी रोगण शाबूत राहतें, आणि गाडीचा रंग त्याच्याच आश्रयानें टिकतो.