दाखल्यावरचा नंबर : कुठं असतो आणि कोणता कुठं लिहायचा

(बिडकीन इथं झालेल्या बैठकीत संघटनेच्या तरुण कार्यकर्त्यांनी केलेलं भाषण. बोललं तसंच उतरवून घेतलंय.)

मावश्यांनो, बाबांनो, आणि कन्नड-सोयगावच्या डोंगरातून कामासाठी इकडं उतरलेल्या दोस्तांनो,

आज आम्ही जमिनीवर बोलणार नाही, कागदावर बोलणार. पण कागद आणि जमीन वेगळे नाहीत, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक.

आधी आमची चूक सांगतो. मागच्या पावसाळ्यात आपल्यातला एक पोरगा इथं कंपनीत कामाला लागायचा होता. डोमिसाईल मागितलं. दाखला होता त्याच्याकडं. फॉर्म मोबाईलवर भरायचा, म्हणून तो आमच्याकडं आला. आम्ही बारावी शिकलेले, आम्हीच भरला. दाखल्याला पावती टोचलेली होती, पावतीवर मोठा नंबर होता, तोच टाकला. तो अर्जाचा नंबर निघाला, दाखल्याचा नव्हे. फॉर्म बाद झाला, मुदत संपली, पोरगा परत मिस्तरीच्या हाताखाली गेला. त्या दिवसापासून आम्ही ठरवलं, हे एकदा नीट समजून घ्यायचं आणि सगळ्यांना सांगायचं.

आता वस्तीवर एक गोष्ट फिरतेय. 'नागरिकत्वाच्या दाखल्याचा नंबर नसेल तर वनहक्काची जमीन जाणार.' कुणी कुणी तर नंबर काढून देतो म्हणून पैसेसुद्धा घेतले. हे साफ खोटं आहे. नागरिकत्वाचं खरं प्रमाणपत्र केंद्र सरकारचं असतं. ते १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानं, नोंदणी करून किंवा देशीयकरण करून जो नागरिक होतो त्याला मिळतं. म्हणजे बाहेरच्या देशातून आलेल्या माणसाला. आपण इथंच जन्मलो, आपल्याला तसलं प्रमाणपत्र कुणी देत नाही आणि आपल्याला ते लागतही नाही. नसलेल्या कागदाचा नंबर कुठून आणणार?

एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, आम्ही तर निजामाच्या राज्यात होतो, मग आम्ही भारताचे कसे? प्रश्न चांगला आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं. संविधान लागू झालं तेव्हा मराठवाडा भारतातच होता, इथं जन्मून इथंच राहणारा माणूस तेव्हाच नागरिक झाला. पुढं २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत जो भारतात जन्मला तो जन्मानंच नागरिक. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आईबापाचं नागरिकत्वही बघतात. म्हणून आईबापाचे कागद जपा, ते पोरांच्याच कामाला येतात. आणि आधार? आधारच्या कायद्यातच लिहिलंय की आधार नंबर हा नागरिकत्वाचा किंवा रहिवासाचा पुरावा नाही. बारा आकडे पाठ असून त्याचा इथं उपयोग नाही.

मग ऑफिसात 'नागरिकत्वाचा दाखला आणा' म्हणतात ते काय? बहुतेक वेळा त्यांना 'वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र' हवं असतं. लोक त्यालाच डोमिसाईल म्हणतात. ते तहसीलमधून मिळतं. साधारण १५ वर्षांचा राज्यातला रहिवास दाखवावा लागतो.

आता दाखला हातात धरा. नवा, कॉम्प्युटरचा असेल तर त्यावर बारकोड असतो, म्हणजे त्या काळ्या उभ्या रेघा, आणि त्यांच्याबरोबर लांबच लांब आकडा. तो दाखल्याचा. 'आपले सरकार'च्या साईटवर तो आकडा टाकला की दाखला खरा की खोटा ते कळतं. एजंटानं आणून दिलेला दाखला असेल तर हे आधी करून बघा. पावतीवर असतो तो अर्जाचा नंबर. दाखला तयार झाला की नाही हे बघण्यापुरताच तो.

जुना, हातानं लिहिलेला दाखला असेल तर बारकोड शोधत बसू नका. वरच्या बाजूला 'जा.क्र.' दिसेल. जा.क्र. म्हणजे जावक क्रमांक. ऑफिसातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद जावक रजिस्टरात चढतो, त्याचा हा नंबर. समजा शाखेचं नाव आणि पुढं '४१२/९८' लिहिलंय, तर कोणत्या शाखेतून निघाला, कितवा कागद, आणि कोणतं साल. नुसतं ४१२ लिहून चालत नाही, दरसाल ४१२ नंबरचा एक कागद असतोच. साल आणि तारीख सोडू नका. घडीवर शाई उडाली असेल तर घाबरू नका. तारीख आणि नाव लिहून माहितीच्या अधिकारात रजिस्टरची नक्कल मागा. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही लागत नाहीत. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

शाळेच्या दाखल्यावर जनरल रजिस्टर नंबर असतो, तो वेगळा. जमातीच्या दाखल्याचा वेगळा, तो प्रांत ऑफिसचा. पडताळणी समितीच्या वैधतेचा आणखी वेगळा. एका मावशीनं आम्हाला पिशवी उपडी करून दाखवली, आठ कागद, आठ नंबर, आणि कुठला कशाचा हे घरात कुणालाच ठाऊक नाही. आम्ही प्रत्येकाच्या झेरॉक्सवर मागं पेन्सिलीनं लिहून दिलं. तुम्हीही तसंच करा. मूळ कागदावर मात्र काही लिहू नका.

राहिली जमीन. वनहक्क कायद्यात आदिवासीनं दाखवायचं ते एवढंच : जमात, जंगलावरचं जगणं, आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. मतदार कार्ड, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, रहिवासी दाखला चालतो. शेताचा बांध, जुनं घर, विहीर चालते. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबही चालतो. एकापेक्षा जास्त पुरावे जोडायचे. अमुकच कागद आणा असा हट्ट समित्यांनी धरायचा नाही, हे २०१२ च्या दुरुस्तीत स्पष्ट आहे. तरी कुणी नागरिकत्वाचा नंबर मागितला, तर भांडू नका. 'कोणत्या नियमानं मागता ते लेखी द्या' एवढंच म्हणा. दावा फेटाळला तर फेटाळल्याचा कागद घ्या, त्याचा जा.क्र. आणि तारीख बघा. अपिलाला ६० दिवस असतात. तोंडी 'नाही' ऐकून घरी गेलेले किती जण इथं बसलेत, हात वर करा.

बघा, किती हात!

तर पुढच्या बैठकीला या सगळ्यांनी पिशवी घेऊन यायचं. मूळ कागद आणि एक-एक झेरॉक्स. जुने दाखले लॅमिनेशन करून आणू नका, जुन्या कागदाची शाई त्या गरमीत जाते. उर्दूतले कागद असतील तर तेही आणा, वाचणारं माणूस आम्ही बघतो. आणि ज्या मावश्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासोबत शाळेत जाणारं एक पोरगं यावं, म्हणजे घरी गेल्यावर विचारायला कुणी तरी असेल.