सुटीतील उमेदवारी व न्याय्य वेतन



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी आपल्या धर्मग्रामातील दुकानदार, कारखानदार व कचेऱ्यांचे चालक यांस आमची एक नम्र विनंती आहे. उन्हाळ्याच्या सुटीत येथील तरुण-तरुणींस आपल्याकडे उमेदवारीस घ्यावे आणि त्यांच्या श्रमाचे वेतन द्यावे.

'आम्ही काम शिकवितो, तेवढे पुरे,' हे म्हणणे वरवर रास्त दिसते. परंतु फुकटची उमेदवारी सधनाच्या मुलासच परवडते. गरिबाच्या मुलाने रोजचे गाडीभाडे कोठून आणावे? गुण असूनही तो दाराबाहेरच राहतो.

न्याय्य मजुरी हा मालकाचा उपकार नव्हे, ते त्याचे कर्तव्य होय, अशी शिकवण पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकाने दिली. आपल्या देशाच्या १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानेही उमेदवारास विद्यावेतनाचा हक्क दिला आहे.

पोप बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफांस अर्पण केला. सुटीच्या तोंडावरच हा सण येतो. नाझरेथच्या त्या सुताराच्या हाताखाली प्रभू येशू काम शिकला, हे स्मरून त्या दिवशी आपण प्रत्येकाने निदान एका तरुणास आपले दार उघडावे, हीच प्रार्थना.